गिरणगावची अन्नबँक

2020 सालच्या टाळेबंदीत सिल्व्हर पार्कच्या या बाजूस, किंबहुना साऱ्या मीरा-भाईंदरात, शिध्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या आणि ‘फूड बँक’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला. शब्द नवा खरा. पण गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबाग सोडून इकडे बिऱ्हाड केलेल्या म्हाताऱ्यांना विचारावे. ते सांगतील की वस्तू जुनीच आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराची अन्नबँक म्हणजे खाणावळवाली बाई. आम्ही युनियनवाल्यांनी संपांचे इतिहास पुष्कळ सांगितले, तिचा सांगितला नाही.

आधी हिशेब पाहू. 1920 नंतरच्या दहा वर्षांत गिरणीचा पगार महिन्याने होई, तोही बहुधा पुढल्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान. त्याला कायद्याची मुदत पडली ती 1936 मध्ये. म्हणजे रत्नागिरीकडून बोटीने आलेला गडी उतरल्या दिवशीच कामाला लागला, तरी पैसा हाती पडायला दीड महिना. तोवर त्याने खावे काय? गावचा कोणी त्याला खाणावळीत नेऊन बसवी, बाई ताट वाढी आणि नाव वहीत चढे. ही बाई बहुधा कामगाराचीच बायको, नाहीतर त्याची विधवा. गिरण्यांतून बायकांची भरती घटत गेली तशी तिला चूल हीच गिरणी झाली. कोकणच्या माणसाला भात आणि मासळीचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कोरड्यास, हे ती एकाच खोलीत सांभाळी. सकाळच्या पाळीचा भोंगा कामगाराला उठवी. तिला त्याच्याही आधी उठावे लागे.

कामगार खाई किती, याची मोजणी झालेली आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि फिंडले शिरास यांचा अहवाल 1923 मध्ये बाहेर पडला. त्यात निघाले ते असे की, कामगाराच्या वाट्याचे धान्य दुष्काळी संहितेतल्या कमाल शिध्याइतके भरते, पण मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याहून ते कमीच. राबणाऱ्यापेक्षा कैदी बरा जेवतो, हे आम्ही सभेत सांगितले असते तर भडकावू भाषण ठरले असते. येथे ते सरकारी आकडेच बोलत होते.

1928 चा संप सहा महिने चालला, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. ना. म. जोशी आणि डांगे, दोघेही संयुक्त संप समितीत होते. वर्गणी गोळा करून धान्य वाटण्यात आले. पण कच्चे धान्य दिले तरी चूल नसलेल्या सड्या माणसाने त्याचे करायचे काय? त्याचे ताट खाणावळीतच, आणि तेही उधारीवर.

त्या उधारीचा भार कोणावर पडे? बाई वाण्याकडून धान्य उधार घेई, चढ्या भावाने. वाण्याने हात आखडला की सावकार, आणि सावकारापुढे मंगळसूत्र नाहीतर भांडी. शेकडो ताटांची पत तिच्यावर उभी. तिला स्वतःला मात्र पत नाही. बँका 1969 मध्ये राष्ट्राच्या झाल्या, तरी तिच्या दारी आल्या नाहीत. 1974 मध्ये गिरण्यांचा 42 दिवसांचा संप झाला. त्या सुमारास कामगार चळवळीतल्या, मूळच्या गोव्याच्या प्रेमा पुरव यांनी ही गोष्ट ओळखली. 1975 मध्ये त्यांनी खाणावळवाल्यांना जमवून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापले; आरंभी बायका अवघ्या 14. तारण नव्हते, म्हणून त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळाले. आमच्या मते गिरणगावच्या इतिहासात या जामिनकीला एखाद्या संपाइतके मोल आहे. युनियनने हे काम आधी का केले नाही, याचे उत्तर सोपे आहे: ती गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती, म्हणून आमच्या पावतीपुस्तकावरही नव्हती.

मग 18 जानेवारी 1982. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. माणसे गावी गेली. कित्येक परत आली नाहीत. नावे वहीत राहिली. पुढे थकलेल्या देण्यांसाठी, ग्रॅच्युइटीसाठी, गिरण्यांच्या जमिनीवरील घरांसाठी मोर्चे निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. पण आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही मागणीपत्रात खाणावळवालीच्या वहीतल्या येण्याचे कलम नव्हते.