आसाच्या फेऱ्या, पंखाचे झोके

पालघरहून बोईसरला जाणारी गाडी सुमारे १२ किलोमीटर धावते. तेवढ्यात तिच्या प्रत्येक चाकाच्या जवळपास ४ हजार फेऱ्या होतात आणि दर फेरीत आसाचा पृष्ठभाग एकदा ताणला, एकदा दाबला जातो. तारापूरला पहिल्या पाळीसाठी निघालेल्या कामगाराला याचा विचार करायची गरज पडत नाही. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि ५०हून अधिक माणसं गेली, तेव्हा इंजिनियरांनाही कारण उमगलं नव्हतं. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षं आस फिरवून दाखवून दिलं, की लोखंड जो भार एकदा सहज पेलतं, तोच लाखो वेळा आला तर ते तुटतं.

आसाचा भार मात्र बराचसा ठरलेला असतो. विमानाच्या पंखाचं तसं नाही. जमिनीवर तो खाली झुकतो, हवेत वर वाकतो, पावसाळी ढगात हिसके खातो. १९४८ साली अमेरिकेत मार्टिन २०२ विमानाचा पंख वादळात तुटला. जोडाजवळ आधीच तडा होता. ३७ जण गेले.

त्याआधी १९४५मध्ये मायनर यांनी सोपा हिशेब मांडला होता: प्रत्येक भार आयुष्याचा थोडा हिस्सा खातो, सगळे हिस्से मिळून एक झाले की धातू संपला. हिशेब कामाचा, आजही वापरतात. पण कुठला भार आधी आला, हे त्यात येत नाही. आणि धातूला त्याने फरक पडतो. कॉमेट विमानाची गोष्ट पंखाची नाही, केबिनची आहे, तरी सांगतो. चाचणीच्या केबिनवर आधी दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्याने खिडकीच्या कोपऱ्यातला धातू किंचित ताणून बसला आणि नंतर सुमारे १६ हजार फेऱ्या टिकला. प्रवाशांना घेऊन उडणारं कॉमेट मात्र जानेवारी १९५४मध्ये एल्बा बेटाजवळ १,२९० उड्डाणांनंतर फुटलं.

मग वेडेवाकडे झोके मोजायचे कसे? १९६८ साली जपानच्या मात्सुइशी आणि एंडो यांनी भाराचा आलेख उभा धरला आणि पॅगोड्याच्या छपरांवरून पाणी ओघळावं तसा वाचला. आपल्याकडे कौलांच्या पागोळ्या पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

नाशिकजवळ ओझरला १९६४पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. आधी मिग, आता सुखोई. तिथून एकाच दिवशी बाहेर पडलेली, सारखेच तास उडालेली दोन विमानं सारखी थकलेली नसतात. एक सरळ उडालं, दुसऱ्याने तीव्र गिरक्या घेतल्या. त्यामुळे तासांसोबत किती जोराची गिरकी किती वेळा झाली, तेही मोजावं लागतं.