कादंबरीची संगीत नाटिका नव्हे, नाटक : देवलांचा 'शापसंभ्रम'

पालघरहून उत्तरेस निघालेली आगगाडी बोईसर, वाणगांव, डहाणू, घोलवड हीं स्थानकें मागें टाकून उंबरगांवास पोंचली, कीं मराठी मुलूख संपतो आणि गुजराथी मुलूख लागतो. या किनारपट्टींत दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. बाजारांतले आणि स्वयंपाकघरांतले शब्द इकडून तिकडे सहज जातात. एका शब्दाच्या बाबतींत मात्र दोघींचा मार्ग निराळा झाला आहे. दीर्घ गद्यकथेला गुजराथी वाचक 'नवलकथा' म्हणतो, मराठी वाचक 'कादंबरी' म्हणतो. पहिला शब्द इंग्रजी 'नॉव्हेल'शीं ध्वनीचें नातें राखून बनविलेला आहे. दुसरा शब्द हें मुळांत एका गंधर्वकन्येचें नांव. सातव्या शतकांतील एका संस्कृत प्रेमकथेची ती नायिका. तिच्या नांवानें मराठीनें आणि तिची शेजारीण कानडीनें साहित्याचा एक सबंध प्रकारच ओळखावा, एवढी त्या कथेची मोहिनी होती.

हीच कथा गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९३ सालीं 'संगीत शापसंभ्रम' या नांवानें मराठी रंगभूमीवर आणली. देवलांच्या नाटकांची यादी सांगतांना या नाटकाचा उल्लेख बहुधा एका ओळींत आटोपतो; मान 'मृच्छकटिका'ला, 'शारदे'ला आणि 'संशयकल्लोळा'ला मिळतो. रंगभूमीवरील आयुष्याच्या दृष्टीनें तो न्याय योग्यहि असेल. परंतु देवल 'शारदे'पर्यंत कसे पोंचले, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल, त्यास 'शापसंभ्रमा'ची पायरी चुकवितां येत नाहीं.

मूळ कथेचा कर्ता बाणभट्ट. कनोजचा सम्राट् हर्षवर्धन (इ. स. ६०६ ते ६४७) याच्या सभेंतील हा पंडित ग्रंथ अपुरा टाकून निवर्तला. पुढचा भाग त्याचा पुत्र भूषणभट्ट यानें पुरा केला. कथेचें बीज मात्र बाणाचें स्वतःचें नव्हे. तें गुणाढ्याच्या 'बृहत्कथें'तलें. गुणाढ्य हा प्रतिष्ठान म्हणजे पैठण येथील सातवाहन राजाच्या आश्रयास होता, अशी परंपरा आहे. त्याचा पैशाची भाषेंतील ग्रंथ कालौघांत नष्ट झाला. त्यांतील कथा अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें 'कथासरित्सागरां'त संस्कृतांत सांगितल्या. परंपरा प्रमाण मानली, तर गोदातीरीं सांगितलेली गोष्ट कनोजेस जाऊन नटली आणि बाराशें वर्षांनीं पदें गात परत महाराष्ट्रांत आली, असें म्हणावें लागतें.

मधल्या काळांत हें वाङ्मय या किनाऱ्याला अगदींच अपरिचित नव्हतें. बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकांठीं तारापूर आणि चिंचणी हीं जोडगांवें आहेत. तारापूरचें नांव आज सर्वतोमुखीं आहे तें १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुवीजकेंद्रामुळें. चिंचणीचें नांव इतिहासाभ्यासकांना ठाऊक आहे तें तेथें सांपडलेल्या ताम्रपटांमुळें. त्यांतील सर्वांत जुना ताम्रपट राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या राज्यांतला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. संजाणच्या परिसरावर त्या वेळीं या राजाचा एक अरब मांडलिक कारभार पाहत होता, ही नवलाची हकीकत त्यावरून कळते. याच इंद्रराजाचे इ. स. ९१५ चे ताम्रपट नवसारीजवळ मिळाले. त्यांतील मजकूर रचणारा पंडित म्हणजे 'नलचंपू'चा कर्ता त्रिविक्रमभट्ट. नल-दमयंतीची प्रेमकथा गद्य आणि पद्य मिसळून सांगणारा हा ग्रंथ उपलब्ध चंपूकाव्यांत सर्वांत जुना असून, बाणाच्या गद्याचें वळण त्यांत स्पष्ट दिसतें. पुढें पाटणच्या भालण कवीनें 'कादंबरी' गुजराथी पद्यांत आणली. कर्नाटकांत नागवर्म्यानें ती त्यापूर्वींच कानडींत नेली होती.

मराठींत ती आली ती छापखान्याच्या युगांत. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. यांपैकीं पहिल्या पुस्तकाचा विषय विधवांचें दुःख हा होता. पुढच्या दोहोंनीं राजपुत्र, राजकन्या, विरह, संकटें आणि शेवटीं मीलन, असा अद्भुतरम्य संसार मांडला, आणि वाचकवर्ग त्यांवर लुब्ध झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं संस्कृत कवींवर जे निबंध 'शालापत्रकां'त लिहिले, त्यांत कालिदास, भवभूति, सुबंधु आणि दंडी यांच्या पंक्तीस बाणासहि बसविलें. १८८३ सालीं प्रोफेसर पीटर्सन यांनीं संपादिलेली 'कादंबरी' मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाली. तात्पर्य, १८९३ च्या सुशिक्षित प्रेक्षकाला या कथेचें नांव नवीन नव्हतें. नवीन होतें तें हें, कीं ती आतां गाऊन दाखविली जाणार होती.

हें काम सोपें नव्हतें. बाणाची कथा पेटींत पेटी ठेवावी तशी रचलेली आहे. विदिशेच्या शूद्रक राजासमोर एक चांडाळकन्या पिंजऱ्यांतला पोपट आणते. पोपट आपली हकीकत सांगतो. त्या हकीकतींत जाबालि ऋषि दुसरी सांगतो. तींत महाश्वेता तिसरी सांगते. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडप्याचा पाठलाग करीत अच्छोद सरोवराशीं येतो. तेथें शिवमंदिरांत शुभ्रवस्त्रा महाश्वेता वीणा वाजवीत गात असते. तिचा प्रियकर, तपस्वी पुंडरीक, विरहानें चांदण्यांत मरण पावलेला असतो. पुनर्भेटीचें दिव्य आश्वासन मिळाल्यावरून ती व्रतस्थ होऊन जगत असते. तिची सखी कादंबरी. 'माझी मैत्रीण दुःखांत असतां मी विवाह करणार नाहीं' असा तिचा निश्चय. आणि चंद्रापीडाला पाहून तिचें मन विरघळतें. पुढें शापांची साखळी लागते. पुंडरीकानें चंद्राला शाप दिलेला, चंद्रानें उलट त्याला दिलेला. पुंडरीक राजपुत्राचा मित्र वैशंपायन होऊन जन्मतो. महाश्वेता त्याला न ओळखतां शाप देते, आणि तो पोपट होतो. मित्राच्या दुःखानें चंद्रापीडहि गतप्राण होतो. कादंबरी त्याचा देह सांभाळीत बसते. शेवटीं शूद्रक हाच चंद्रापीड, पोपट हाच पुंडरीक, हें उघड होतें आणि शापमुक्त प्रेमिक भेटतात.

देवलांनीं नाटकाला नायिकेचें नांव दिलें नाहीं. 'शापसंभ्रम', म्हणजे शापांनीं उडविलेला गोंधळ, हें नांव दिलें. यांत त्यांची नाटककाराची नजर दिसून येते. बाणाच्या वाचकाला वर्णनांत रमण्यास हवा तितका वेळ असतो. प्रेक्षकाला पुढें काय होतें तें हवें असतें. माणूस ओळखूं न आल्यामुळें जो अनर्थ होतो, तोच या कथेंतील नाट्याचा प्राण होय.

संगीताचें साधन देवलांच्या हातीं तयार होतें. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, त्या परंपरेंत पदें म्हणण्याचें काम सूत्रधाराचें असे. पात्रें त्यानुसार अभिनय करीत. कथा सांगणारा एक आणि भोगणारे दुसरे, अशी ती वांटणी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, आणि गाणें पात्रांच्या मुखीं दिलें. १८८२ च्या 'सौभद्रा'नें तो मार्ग पक्का केला. कादंबरीचें नाटक करणाराला हीच गोष्ट सर्वांत उपयोगाची. कथेंत निवेदक सांगतो कीं अमुक स्त्री दुःखी होती. संगीत नाटकांत ती स्त्रीच आपलें दुःख साकींत, दिंडींत किंवा पदांत सांगते. पोपट आणि ऋषि यांचें निवेदन येथें नडत नाहीं. महाश्वेता तर मूळ कथेंतच वीणा घेऊन गात बसलेली आहे. बाणानें तिला जणूं संगीत रंगभूमीसाठींच घडविलें होतें.

देवल हे हरिपूरचे, म्हणजे सांगलीच्या शेजारचे. त्यांचें शिक्षण बेळगांवास झालें. तेथेंच त्यांना अण्णासाहेबांचा सहवास लाभला. १८८५ सालीं अण्णासाहेब 'रामराज्यवियोग' अपुरें ठेवून वारले. त्यांच्या शिष्यांत देवलांचें स्थान मोठें. ते तालीम-मास्तर म्हणून विख्यात झाले. गणपतराव बोडसांसारखा नट त्यांच्या तालमींत तयार झाला. सात नाटकांपैकीं सहांची कथानकें त्यांनीं दुसऱ्यांकडून घेतलीं: कालिदास, शूद्रक, बाण, शेक्सपिअर आणि इतर पाश्चात्त्य नाटककार. स्वतंत्र असें एकच, 'शारदा'. यावरून त्यांना केवळ रूपांतरकार म्हणण्याची चाल पडली. पण उसनें घेतांना माणूस काय निवडतो, यावरूनच त्याचें मन कळतें.

त्यांचें पहिलें नाटक 'दुर्गा' १८८६ चें. तें गॅरिकच्या 'इझाबेला'वरून घेतलेलें. 'इझाबेला' सदर्नच्या १६९४ च्या नाटकावरून, आणि सदर्नची कथा अफ्रा बेन या इंग्रज लेखिकेच्या गद्यकथेवरून. पति मेला असें समजून पुनर्विवाह केलेल्या स्त्रीसमोर तो जिवंत येऊन उभा राहतो, हा तिचा विषय. सात वर्षांनीं 'शापसंभ्रमां'त उलट चित्र येतें: प्रियकर मेला असूनहि तो परत येईल म्हणून वाट पाहणारी स्त्री. 'शापसंभ्रम' निघाला तें सालहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता. १८९३ च्या मार्च महिन्यांत धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, आणि त्याबद्दल त्यांना स्वजनांचा बहिष्कार सोसावा लागला. अशा वर्षीं, शुभ्र वस्त्रांतली एक तरुण व्रतस्थ स्त्री रंगभूमीवर उभी राहिली. प्रेक्षागृहांतील किती गृहस्थांच्या घरीं त्या वेळीं बालविधवा असतील! कथेंतील स्त्रीला आकाशवाणीनें दिलासा दिला होता. घरांतील स्त्रीला तो कोण देणार? देवलांनीं हा प्रश्न बोलून दाखविण्यासाठीं नाटक लिहिलें असें नव्हे. पण त्या काळच्या प्रेक्षकाला तो टाळणें कठीण होतें. बाणानें स्वतः, मृतामागें प्राण देणें निष्फळ आहे, असा स्पष्ट युक्तिवाद चंद्रापीडाच्या मुखानें महाश्वेतेपुढें केलेला आहे. सतीबंदीचा कायदा १८२९ चा. बाण त्याच्या बाराशें वर्षें आधींचा. जुन्या ग्रंथांत केवळ जुनेच विचार असतात असें मानणारांनीं हें ध्यानीं ठेवावें.

१८९९ सालीं 'शारदा' आली. तींत ना गंधर्व, ना पोपट, ना शाप. पैशाच्या लोभानें बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याला देऊं निघतो, एवढेंच. 'शापसंभ्रमां'त प्रेमाच्या आड दैव येतें. 'शारदें'त जन्मदाता येतो. पहिला शाप ठरलेल्या वेळीं आपोआप सुटतो. दुसरा मनुष्यांनींच सोडवावा लागतो. स्त्रीचें दुःख गाऊन कसें सांगावें, हें देवलांनीं शापित गंधर्वकन्यांच्या निमित्तानें हातीं बसविलें, आणि तें बसल्यावर ते नदीच्या घाटावरील ब्राह्मणाच्या मुलीकडे वळले. पुढें १९२९ सालीं बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि मुलीच्या विवाहाची वयोमर्यादा १४ वर्षें ठरली. हरबिलास सारडा या प्रवर्तकाच्या आडनांवावरून लोक त्यास सारडा कायदा म्हणूं लागले. आणि नाटक पाहिलेल्या महाराष्ट्रानें तो सहजच 'शारदा कायदा' म्हणून ओळखला. योगायोगच तो, परंतु नांव रुळण्याला मनें आधीं तयार असावीं लागतात.

देवल १९१६ सालीं निवर्तले. त्याच वर्षीं 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलें, आणि तें आजहि प्रेक्षकांना हंसवीत आहे. 'शापसंभ्रमा'चे प्रयोग मात्र मागें पडले. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. अद्भुतरम्य कथा पाहून मन भरल्यावरच माणसाला आपल्या ओसरीवरची कथा दिसूं लागते. आणि ती दिसूं लागली, कीं पहिली कथा आपलें काम करून बाजूला होते. मराठी भाषेनें तिचें नांव मात्र टाकलें नाहीं. ग्रंथालयाच्या कपाटावर जेथें जेथें 'कादंबरी' ही पाटी लागते, तेथें तेथें ती गंधर्वकन्या अजून उभी आहे.