तण, वाण आणि कायदा : अकोलीच्या कपाशीपासून जनुकसंपादित भातापर्यंत

१/ १० जून २०१९. अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने जाहीरपणे कपाशी पेरली. बियाणे तणनाशक सहन करणारे ‘एचटीबीटी’, म्हणजेच सरकारी मान्यता नसलेले. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ नुसार या कृत्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. पुढे गुन्हेही दाखल झाले.

२/ पुणे जिल्ह्यातील चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशी यांनी उभारलेली ही संघटना. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य ही तिची जुनी मागणी. पावसाळ्यात तण माजते, निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि खर्च वाढतो, ही त्यामागची व्यथा.

३/ या धाडसाला पूर्वेतिहास होता. २००१ साली गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी आढळली. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला केंद्राने मान्यता दिली. शेत आधी, कायदा मागाहून!

४/ एचटीबीटीमध्ये जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे ग्लायफोसेट फवारले की तण मरते, कपाशी तगते. परके जनुक आले, म्हणून कठोर नियमही आले.

५/ भाताची वाट निराळी. खाचरात साचलेले पाणी तण दाबते; थेट पेरणीत तो आधार नसतो. म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती १९७९ व १९८५ ही इमॅझेथापायर सहन करणारी वाणे काढली. त्यांच्या ‘एएलएस’ जनुकातील बदल रासायनिक उत्परिवर्तनातून आलेला. परके जनुक नाही; २०२१ मध्ये वाणे राजरोस प्रसारित झाली.

६/ त्याच ‘एएलएस’ जनुकात क्रिस्परने नेमका बदल करून तणनाशक-सहनशील भात घडवता येतो, हे चिनी संशोधकांनी २०१६ साली दाखवले. मार्च २०२२ मध्ये भारताने परके जनुक नसलेल्या संपादित पिकांना जनुकबदल पिकांच्या कठोर नियमांतून सूट दिली.

७/ गुण एकच, न्याय वेगवेगळा. कायदा पाहतो तो गुण कसा आला हे. शेताला भोगावे लागतात त्याचे परिणाम. तेच तणनाशक वारंवार फवारल्यास तणही निर्ढावते. भाताचा रानटी भाताशी संकर झाला, तर सहनशीलता तणातच उतरते. शिवाय निंदणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या स्त्रियांचे काय? अकोलीत विचारला गेला तो बियाण्याच्या हक्काचा प्रश्न. हा दुसरा प्रश्न अद्याप कोणत्याही नियमावलीच्या केंद्रस्थानी आलेला नाही.