क्षयाच्या खाटेपासून मनाच्या औषधापर्यंत

रविवारची मिस्सा आटोपून मी वस्त्रे उतरवीत होतो, तेव्हा एक माता साक्रिस्तीच्या दारात येऊन उभी राहिली. मुलीची सोयरीक जुळत आली होती. थोरल्या मुलाला मात्र गेली काही वर्षे द्विध्रुवी विकारावरची औषधे चालू होती. कधी महिना महिना खिन्नता, तर कधी झोपेवाचून अखंड उत्साह, असे त्या विकाराचे स्वरूप. तिने हलक्या आवाजात विचारले, "फादर, पाहुण्यांना सांगायचं का? सांगितलं, तर म्हणतील की घराण्यातच वेड आहे."

मी तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. प्रश्न अवघड होता, तसाच तो जुनाही होता. सातारा-सांगलीच्या या मुलखात शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न दुसऱ्या एका रोगाविषयी विचारला जात असे. तो रोग म्हणजे क्षय. या दोन रोगांच्या इतिहासाची गाठ कोठे पडली, हे पाहिल्यास त्या मातेच्या प्रश्नावर काही प्रकाश पडेल, असे मला वाटते.

हवापालट

क्षयाला आपल्या पूर्वजांनी राजयक्ष्मा म्हटले, म्हणजे रोगांचा राजा. एकाच घरात एकामागून एक माणसे खंगून जात, म्हणून तो कुळातून उतरतो अशी समजूत दृढ झाली होती. युरोपातले अनेक नामवंत वैद्यही एकोणिसाव्या शतकात हेच मानीत. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवून दिले आणि या समजुतीचा पाया ढासळला. घराण्याचा शाप म्हणून जे मिरविले जात होते, त्यात मोठा वाटा एका खोलीत, एकाच कोंदट हवेत राहण्याचा होता.

परंतु जंतू सापडला म्हणून औषध सापडले नाही. पुढची साठ वर्षे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढाच उपचार होता. त्यासाठी आपल्या डोंगरांकडे लोकांचे लक्ष गेले. पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम उभारले. इकडे मिरजेस डॉ. विल्यम वानलेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी शल्यविशारदाने १८९४ साली रुग्णालय उघडले होते. त्याच मिशनच्या क्षयरोग आरोग्यधामामुळे सांगली-मिरज रस्त्यावरील वसाहतीला वानलेसवाडी हे नाव पडले. ते आजही तिथे आहे.

अशा आरोग्यधामांत रुग्ण महिनोन् महिने पडून राहत. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, आठवड्याला वजन करायचे, व्हरांड्यातल्या खाटेवरून समोरचा डोंगर पाहायचा. गावाकडे मात्र मुलगी 'हवापालटाला' गेली आहे, एवढेच सांगितले जाई. सोयरिकीच्या बैठकीत क्षय हा शब्द उच्चारणे म्हणजे बैठक मोडणे होते.

या खाटांवर देहाबरोबर मनही आजारी पडे, हे डॉक्टर जाणून होते. दीर्घ ज्वर, एकांत आणि मरणाची छाया यांनी कित्येक जण खोल विषादात बुडत. उलट काही रुग्ण अगदी अखेरच्या अवस्थेतही अकारण प्रसन्न दिसत. जुन्या वैद्यांनी या अवस्थेला 'स्पेस फ्थिसिका', म्हणजे क्षयी माणसाची आशा, असे लॅटिन नाव दिले होते. शरीराचा रोग मनाचा रंग पालटू शकतो, याची ही खूणच होती. परंतु तिचा अर्थ लावण्याचे साधन तेव्हा कोणापाशी नव्हते.

फुप्फुसाचे औषध, मनाला गुण

ते साधन अनपेक्षितपणे हाती आले. १९५२ साली न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंड बेटावरच्या सी व्ह्यू या क्षयरुग्णालयात आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड या दोन नव्या औषधांची चाचणी चालली होती. फुप्फुसे पोखरलेली माणसे खाटेवरून उठली, पोटभर जेवू लागली. इतकेच नव्हे, तर ती वॉर्डात हसू-खिदळू, नाचू लागली. इप्रोनियाझिड घेणाऱ्यांचा उत्साह तर आजार उतरल्याच्या आनंदाहून अधिक होता.

न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच औषध विषादाने ग्रासलेल्या रुग्णांना दिले आणि १९५७ साली अनुकूल निष्कर्ष मांडले. विषादावरचे पहिले आधुनिक औषध अशा रीतीने क्षयाच्या खाटेवर जन्मले. काविळीच्या तक्रारींमुळे ते १९६१ साली अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले. परंतु वाट दिसली होती. त्याचे भावंड आयसोनियाझिड मात्र आजही क्षयाच्या उपचारात आहे.

याच काळात भारतातून उलट दिशेचा पुरावा येत होता. सर्पगंधेचे मूळ आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होते. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील तिच्या गुणांविषयी लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात रक्तदाबावरील तिचा उपयोग मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्यानंतर रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण विषण्ण होतात, अशी वृत्ते येऊ लागली.

क्षयाच्या एका औषधाने मन उचलले आणि रक्तदाबाच्या एका औषधाने ते खाली ओढले. या दोन निरीक्षणांच्या आधारे, मेंदूतील काही रसायने घटली की विषाद येतो, असा सिद्धान्त १९६० नंतर मांडला गेला. तो फारच सोपा होता, हे पुढे उमगले. रेसर्पिनविषयीचे आरोपही नंतरच्या तपासणीत तितकेसे पक्के ठरले नाहीत. तथापि त्या सिद्धान्ताने एक मोठे काम केले. मनाचा विकार हा केवळ दुबळ्या इच्छाशक्तीचा किंवा उण्या श्रद्धेचा प्रश्न नव्हे, त्यात देहाचाही वाटा आहे, हे त्याने वैद्यकाला मान्य करायला लावले.

घराणे आणि गुणसूत्रे

आता त्या मातेचा मूळ प्रश्न. हा विकार घराण्यातून उतरतो काय? १९८७ साली अमेरिकेतील आमिश या ख्रिस्ती समाजाच्या एका मोठ्या घराण्याचा अभ्यास करून संशोधकांनी जाहीर केले की, द्विध्रुवी विकाराचा जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. जगभर गाजावाजा झाला. दोनच वर्षांनी, घराण्यातील आणखी माणसे तपासल्यावर, तो निष्कर्ष टिकला नाही. घराण्याला बट्टा लावणारा 'तो एक' जनुक पुढेही सापडला नाही.

आज जे दिसते, ते वेगळेच आहे. २०२५ च्या प्रारंभी विषादविकाराविषयी एक प्रचंड आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतील सुमारे सात लाख रुग्णांची माहिती त्यात होती. त्यात जनुकसंचातील सुमारे ७०० भेद विकाराशी निगडित आढळले. एकेका भेदाचा परिणाम अगदी अल्प आहे, आणि असे भेद थोड्याफार प्रमाणात तुमच्या-माझ्यासह सर्वांच्याच ठायी असतात. शिवाय अशा संशोधनातील बहुसंख्य माणसे आजवर युरोपीय वंशाची आहेत. आपल्या लोकांविषयी त्यावरून भविष्य वर्तविणे उचित नाही.

आनुवंशिकतेचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. द्विध्रुवी विकारात तो मोठाच आहे. सर्वसाधारण माणसांत हा विकार शंभरात एकाच्या आसपास आढळतो, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत शंभरात पाच ते दहा जणांना. परंतु याच आकड्याची दुसरी बाजू अशी की, रुग्णाच्या भावंडांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक जण त्यापासून मुक्तच राहतात. वारसा मिळतो तो संभवाचा, नियतीचा नव्हे. क्षयाच्या बाबतीतही शेवटी हेच दिसून आले. शरीराची प्रवणता काही अंशी उपजत असते, पण हवा, अन्न, घर आणि उपचार यांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

देह आणि मन

मन बिघडले की देहही बिघडतो, याचे पुरावेही साचत गेले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर विषादाने ग्रासलेल्या रुग्णांत पहिल्या सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक असते, असे माँट्रियल येथील संशोधकांनी १९९३ साली दाखविले. मधुमेह आणि विषाद यांचे नाते तर दुहेरी आहे. एक दुसऱ्याची शक्यता वाढवितो.

मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या एका प्रयोगात, घरी राहून औषधे घेणारे क्षयरुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच सुधारतात असे दिसले. खाटा डोंगरावरून घरात आल्या. मनाच्या उपचाराचीही वाट आता तशीच गावाकडे वळते आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेला आधार विषादाच्या रुग्णांना उपयोगी पडतो, हे तेथील अभ्यासातून २०१० साली पुढे आले. ऑक्टोबर २०२२ पासून तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनाशुल्क सल्ला मागता येतो.

आपण धर्मगुरूंनीही यातून काही शिकावे. जुन्या करारातील एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. देवाची वाणी त्याला पुढे ऐकू आली. ख्रिस्तसभेलाही हे उमगायला वेळ लागला. १९१७ च्या धर्मसंहितेने आत्महत्या करणाऱ्यास धर्मविधीपूर्वक दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत तो निर्बंध उरला नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मनोविकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, हे स्पष्ट केले.

आठ दिवसांनी ती माता पुन्हा आली. मी तिला जे समजले होते ते सांगितले आणि म्हणालो, "बाई, आजार मुलाचा आहे. सांगायचं की नाही, हे आधी त्याला विचारा." २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही आपल्या आजाराची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. मुलगा म्हणाला, "मीच सांगेन." पाहुण्यांच्या घरी मी त्याच्यासोबत गेलो. तो बोलला आणि खोलीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग नवऱ्या मुलाच्या वडिलांनी एवढेच विचारले, "औषधं वेळच्या वेळी घेता ना?"

क्षयाच्या रुग्णालाही आज आपण हाच प्रश्न विचारतो.