शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास

पूर्ण भूल देण्याआधी ठरावीक तास पोट रिकामे ठेवणे. भुलीत खोकला, ठसका, गिळणे ही घशाची राखण थांबते. पोटातले अन्न किंवा आम्ल वर आले तर थेट फुप्फुसात उतरू शकते. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदींतून असे ६६ प्रसंग मांडले; त्यांतले दोन्ही मृत्यू घट्ट अन्नाने गुदमरून झाले होते. तरीही पुढे रूढ झाला तो ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा सरसकट हुकूम, आणि त्यात पाणीही गेले. वास्तविक शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच घट्ट अन्न वर्ज्य सांगून दोन तास आधीचा कपभर चहा चालेल म्हटले होते. आजचे संकेतही तसेच आहेत : पाणी २ तास, आईचे दूध ४, वरचे दूध व हलका आहार ६, तळलेले-तुपकट ८ तास आधीपर्यंत.

पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात, कामोठ्याच्या एमजीएममध्ये किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये ऑपरेशनची तारीख मिळालेल्या माणसाला उपास नवा नसतो. अडचण तिथेच आहे. कारण न सांगता दिलेला हुकूम तो चतुर्थी-एकादशीच्या ओळखीने ऐकतो. मग शेंगदाण्याचे कूट घातलेली, तुपातली साबुदाणा खिचडी उपासाची म्हणून चालते, पण पोटाला ती आठ तासांचीच. दुधाचा चहा ‘खाण्यात’ धरला जात नाही, पण दुधामुळे तो सहा तासांचा. उलट कुणी निर्जळीच करतो आणि दुपारी नंबर लागेपर्यंत घोटभर पाण्यावाचून डोके धरून बसतो. शेजारीण सांगते, ‘मी चहा पिऊन गेले होते, काही झालं नाही.’ ते खोटे नसते : अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९९३ च्या पाहणीत असा अपघात सुमारे ३,२०० भुलींत एकदा आढळला. इतक्या दुर्मीळ धोक्याबाबत शेजारणीचा अनुभव काहीच सिद्ध करत नाही.

एकच हुकूम सोपा, ऑपरेशनची यादी मागेपुढे होते, तासांचा हिशेब कोण ठेवणार, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पण ‘जेवण अमुक वाजेपर्यंत, पाणी अमुक वाजेपर्यंत’ या केसपेपरवरच्या दोन ओळी काही अवघड नाहीत, आणि यादी लांबली तर पाण्याची वेळ वाढवता येते. पाण्याने पोट भरलेले राहील ही भीतीही टिकत नाही. कॅलगरीच्या माल्टबी यांच्या १९८६ च्या प्रयोगात दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी प्यायलेल्यांच्या पोटात कोरड्या उपाशांपेक्षा कमीच द्रव सापडला. शिवाय हुकमाने माणूस लपवतो : तारीख जाईल, रजा फुकट जाईल, म्हणून सकाळचे बिस्किट सांगत नाही. कारण कळले तर तो भूलतज्ज्ञाला खरे सांगण्याची शक्यता वाढते. जुना मधुमेह, गरोदरपण, आतड्याचा अडथळा यांत मात्र हे तास पुरतीलच असे नाही. कळंबोलीजवळ द्रुतगती मार्गावर जखमी झालेल्याचे पोट तर वेदनेने जवळजवळ थांबलेले असते. त्याला शेवटचा घास कधी घेतला हे विचारले, तरी पोट भरलेलेच धरून भूल देतात.