पारा उतरला की

रागीट माणसाचा पारा चढला, असं आपण म्हणतो. दर्यावर्दी मात्र पारा उतरला की घाबरतात. हवेचा दाब कमी झाला की काचेच्या नळीतला पारा खाली येतो. तो झपाट्याने उतरला तर वादळ आलंच म्हणून समजा. १६४३ साली इटलीत तोरिचेल्लीच्या प्रयोगातून या वायुभारमापकाचा जन्म झाला.

पण जहाजावर पंचाईत. लाटांच्या हेलकाव्यांनी पारा सारखा उसळायचा, मग आकडा वाचायचा कसा? लंडनचा कारागीर एडवर्ड नेर्न याने नळीचा एक भाग अगदी अरुंद केला, आणि जहाज कललं तरी यंत्र सरळच राहील असं टांगलं. १७७२ साली कॅप्टन कुक दक्षिणेकडे निघाला तेव्हा नेर्नचं यंत्र सोबत होतं. वाट अरुंद केली आणि पारा स्थिर झाला. चंचल मनाबद्दल आपण प्रवचनात ऐकतो ते याहून वेगळं काय असतं?

हे महागडं यंत्र गरीब कोळ्यांना कुठून परवडणार? ब्रिटिश हवामान खात्याचे प्रमुख फिट्झरॉय यांनी ते सरकारी खर्चाने लहान लहान बंदरांवर बसवायला सुरुवात केली. लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा या इटालियन वंशाच्या जोडीने कोळ्यांसाठी खास साधी, मजबूत यंत्रं बनवली. मला तरी ही जीवदयाच वाटते.

पुढचं मात्र ऐका. १४ ऑक्टोबर १८८१. स्कॉटलंडमधलं आयमाउथ बंदर. पारा फार खाली गेला होता, पण सकाळ कशी निवांत, स्वच्छ! आधीचे कित्येक दिवस खराब हवेमुळे होड्या बंदरातच अडकलेल्या, हाती पैसा नाही. बायकांनी गळांना आमिष लावून ठेवलेलं. कोळी निघाले. दुपारी वादळ आलं आणि त्या किनाऱ्यावरचे १८९ कोळी गेले. काही होड्या तर किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बायका-मुलांच्या डोळ्यांदेखत फुटल्या.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. पण थांबायचं तर घरात चार दिवसांचं धान्य लागतं ना! आपणही तपासणी शिबिरं भरवतो, बाईच्या हातात चिठ्ठी देतो, 'काळजी घ्या' म्हणतो. तिची मजुरी बुडाली तर चूल कशी पेटणार, हे विचारतो का? धोका सांगणं हे दान खरंच, पण तेवढ्यावर ते पुरं होत नाही.