इजिप्शियन अरबीतील अनेकवचन

इजिप्शियन अरबी ही मुख्यतः कैरो व नाईलच्या त्रिभुज प्रदेशात बोलली जाणारी अरबी बोली होय. तिच्यात नामांना एकवचन, द्विवचन आणि अनेकवचन अशी तीन वचने आहेत. अनेकवचन प्रत्यय लावून किंवा शब्दाची अंतर्गत रचना बदलून केले जाते.

प्रत्ययसाधित अनेकवचन

व्यक्तिवाचक पुल्लिंगी नामांना बहुधा -ईन हा प्रत्यय लागतो: मुदर्रिस (शिक्षक) – मुदर्रिसीन. अभिजात अरबीत कर्तृविभक्तीसाठी -ऊन व अन्य विभक्तींसाठी -ईन अशी दोन रूपे आहेत. बोलीत विभक्तिप्रत्यय लोपल्याने केवळ -ईन उरला आहे. अनेक स्त्रीलिंगी नामांना, तसेच तिलिफोन (तिलिफोनात) यांसारख्या बऱ्याच परकीय शब्दांना -आत लागतो. तुर्कीतून आलेल्या -गी प्रत्ययाच्या व्यवसायवाचक नामांचे अनेकवचन -इय्या लावून होते: मकवगी (इस्त्रीवाला) – मकवगिय्या.

भग्न अनेकवचन

या प्रकारात मूळ व्यंजने कायम राहतात आणि स्वरांचा साचा बदलतो. उदाहरणार्थ:

* किताब (पुस्तक) – कुतुब
* बेत (घर) – बियूत
* वलद (मुलगा) – विलाद
* मक्तब (कार्यालय) – मकातिब
* रागिल (पुरुष) – रिग्गाला

एकवचनावरून साचा नेहमीच ओळखता येत नाही. म्हणून शब्दकोशांत अनेकवचन स्वतंत्रपणे दिले जाते व शिकणाऱ्यास दोन्ही रूपे एकत्र पाठ करावी लागतात. ही प्रक्रिया आजही जिवंत आहे. फिल्म – अफ्लाम, बंक (बँक) – बुनूक अशी परकीय शब्दांची रूपे तिच्यातूनच बनली आहेत.

द्विवचन व समूहवाचक नामे

द्विवचनासाठी -एन लागतो: किताबेन (दोन पुस्तके). विशेषणे व क्रियापदे यांना मात्र द्विवचन नाही. इदेन (हात), रिग्लेन (पाय) ही रूपे दिसण्यास द्विवचनी असूनही अनेकवचनासाठी वापरली जातात. समक (मासे) हे समूहवाचक नाम असून समका म्हणजे एक मासा.

संख्या व अन्वय

तीन ते दहा या संख्यांनंतर नाम अनेकवचनी असते (तलत कुतुब, तीन पुस्तके). अकरापासून पुढे ते एकवचनी राहते (हिदाशर किताब, अकरा पुस्तके). चलनासारख्या एककांची नामे मात्र तीन ते दहा या संख्यांनंतरही एकवचनातच असतात. वस्तुवाचक अनेकवचनाचे विशेषण बहुधा स्त्रीलिंगी एकवचनी असते: इल-कुतुब गिदीदा (पुस्तके नवी आहेत).

मराठीतील अवशेष

फारसीमार्गे मराठीत आलेले काही शब्द मुळात अरबी भग्न अनेकवचने आहेत: अहवाल (हालचे अनेकवचन), औलाद (वलदचे) आणि असामी (इस्म, म्हणजे 'नाव', याचे). मराठीत ते एकवचनी मानले जातात.